बातमीत बीड, मालिकेत मुंबई

बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. परळीचं स्टेशन जुनं, पण जिल्ह्याच्या मुख्य गावाला रुळांसाठी स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. एक गोष्ट मात्र रेल्वेच्या पाव शतक आधी या शहरात आणि इथून धारूर, पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवर पोचायला लागली होती. ती म्हणजे उपग्रहावरून उतरणारी, जाहिरातींवर चालणारी खासगी मराठी वाहिनी. जिथे डांबरी रस्ता नव्हता, तिथेही पत्र्यावर छत्री दिसू लागली. उरलेल्या महाराष्ट्राच्या मनात आज बीडचं जे चित्र आहे, ते बरंचसं या वाहिन्यांनी रंगवलेलं आहे. म्हणून त्या कशा वाढल्या, त्यांनी आमच्या जिल्ह्याला काय दिलं आणि काय नाकारलं, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

या गोष्टीचा उगम मुंबईत नाही, हाँगकाँगमध्ये आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून सोडलेला वेस्टार-६ हा उपग्रह भलत्याच कक्षेत अडकून पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हातांनी धरून पृथ्वीवर परत आणला. दुरुस्ती होऊन, विकला जाऊन तो आशियासॅट-१ झाला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून पुन्हा वर गेला. हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या हचिसन व्हाम्पोआ कंपनीने याच उपग्रहावरून १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू केला. त्यात इंग्रजी करमणूक होती, खेळ होते, बीबीसी होती आणि चिनी भाषेची एक वाहिनी होती. भारत या उपग्रहाच्या टप्प्यात येत होता. ते सुभाष चंद्रा यांनी हेरलं, उपग्रहावर जागा मिळवली आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू केला. पुढे स्टार रूपर्ट मर्डोक यांच्या हातात गेला. आज आपल्याकडे ज्या दोन मराठी करमणूक वाहिन्यांत पहिल्या क्रमांकासाठी चुरस असते, त्या झी मराठी आणि स्टार प्रवाह या दोघींची मुळं अशी एकाच चिनी रॉकेटवरून गेलेल्या उपग्रहापाशी जाऊन भेटतात.

हाँगकाँगला हे का सुचलं? कारण भाषेच्या जोरावर टीव्हीचा धंदा उभा राहतो, हे त्या शहराने आधीच पाहिलं होतं. तिथे १९ नोव्हेंबर १९६७ रोजी टीव्हीबी ही खासगी वाहिनी सुरू झाली. तिने कँटोनीज या स्थानिक चिनी भाषेत मालिका काढल्या, स्वतःचे स्टुडिओ उभारले, नट-नट्या घडवण्याचे वर्ग चालवले. संध्याकाळी जेवताना तिचीच मालिका लागलेली असायची. १९८० च्या दशकात शेजारच्या ग्वांगडाँग प्रांतातले लोक घरावरच्या अँटेना हाँगकाँगच्या दिशेने फिरवून तिचे कार्यक्रम पाहत, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना त्या अँटेना उतरवायला लावताना नाकी नऊ येत. मंदारिन बोलणाऱ्या चीनसाठी १९९६ मध्ये स्टार आणि ल्यू चांगल यांनी मिळून फीनिक्स वाहिनी काढली. सरकारी टीव्ही सांगेल तेवढंच ऐकायची सवय झालेल्या माणसाला त्याच्याच भाषेत, जरा वेगळ्या तोऱ्यात बोलणारी वाहिनी मिळाली की तो तिकडे वळतो. हाँगकाँगने जे अनुभवलं, तेच दहा-वीस वर्षांनी मराठीत घडलं.

आपल्याकडचा सरकारी टीव्ही म्हणजे दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि त्याने मराठीला 'गजरा', 'चिमणराव', 'आमची माती आमची माणसं' असे कार्यक्रम दिले. पण मुंबई केंद्र हे नावाप्रमाणे मुंबईचं होतं. उपग्रहाच्या मदतीने खेड्यांत टीव्ही नेण्याचा 'साइट' हा मोठा प्रयोग १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. त्यात शेजारचा कर्नाटक होता, आंध्र होता, महाराष्ट्र नव्हता. १९८४ नंतर देशभर प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा लागला. आमच्या भागाला अंबाजोगाईच्या मनोऱ्याचा आधार मिळाला. 'रामायण' लागलं की टीव्ही असलेल्या घराच्या ओसरीवर गल्ली जमायची, अँटेना फिरवायला एक जण गच्चीवर, 'आलं का?' विचारणारा एक जण खिडकीत, हे त्या पिढीला सांगावं लागत नाही. मात्र त्या पडद्यावर बीड दिसायचं नाही. बातम्या दिल्लीच्या किंवा मंत्रालयाच्या. दुष्काळ पडला तर 'मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत टंचाईसदृश परिस्थिती' एवढ्या एका वाक्यात आम्ही सगळे बसायचो. १९९४ मध्ये मराठीसाठी उपग्रह वाहिनी आली, तीच पुढे सह्याद्री झाली. तिने 'दामिनी'सारखी रोजची मालिका दिली, पण बातमीचा साचा तोच राहिला.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी झी समूहाने अल्फा टीव्ही मराठी सुरू केली. २००५ मध्ये तिचंच नाव झी मराठी झालं. 'आभाळमाया'तली सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी ही शिकलेली, मानी, नवऱ्याच्या प्रतारणेपुढे न मोडणारी बाई होती. तिने मराठी घरांना रोज ठरल्या वेळी टीव्हीपुढे बसवलं. मग 'प्रपंच', 'श्रीयुत गंगाधर टिपरे', 'अवंतिका', 'वादळवाट'. लेखन, अभिनय, शीर्षकगीत, सगळ्यात प्रायोगिक रंगभूमीचा आणि साहित्याचा हात लागलेला असे. या मालिका चांगल्या होत्या हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. ती माणसं मात्र दादर-पार्ल्याची किंवा पुण्याची होती. बीडच्या सुभाष रोडवरच्या घरातली सून त्यांच्याकडे पाहून साडी नेसायला शिकली, 'अहो आई' म्हणायला शिकली, पण तिच्या सासरचं घर तिला त्यात कधी भेटलं नाही.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने खरी उलथापालथ झाली ती ९ जुलै २००० रोजी, ईटीव्ही मराठी सुरू झाल्यावर. ही वाहिनी हैदराबादची. रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाने रामोजी फिल्म सिटीतून एकाच छताखाली अनेक भाषांच्या वाहिन्या चालवल्या. एक मजला बंगालीचा, एक कन्नडचा, एक मराठीचा, असा तो कारखाना होता. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा बीडची फिर्याद हैदराबादला जायची. बावन्न वर्षांनी बीडची बातमी पुन्हा हैदराबादला जाऊ लागली आणि तिथून उलटी मुंबईत दिसू लागली.

ईटीव्हीच्या मालकांना जिल्ह्याची बातमी इतकी महत्त्वाची का वाटली, याचं उत्तर त्यांच्या छापील धंद्यात आहे. 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाने १९८० च्या दशकाअखेर जिल्हावार पुरवण्या काढल्या होत्या. आपल्या तालुक्यातलं नाव छापून आलं की माणूस पेपर विकत घेतो, आणि तालुक्यातला दुकानदार छोटी का होईना, जाहिरात देतो, हे त्यांना तिथे कळलं होतं. तीच युक्ती त्यांनी टीव्हीवर आणली. जिल्ह्याजिल्ह्यात प्रतिनिधी नेमले. 'महाराष्ट्र माझा' या बातमीपत्रात गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद, बीड अशी नावं ओळीने येऊ लागली. सकाळी शेतकऱ्यांसाठी 'अन्नदाता' असायचं.

त्या काळी जिल्ह्याचा टीव्ही प्रतिनिधी काय करायचा ते जवळून पाहण्यासारखं आहे. बहुतेक जण स्ट्रिंजर, म्हणजे पगार नाही, जेवढ्या बातम्या लागतील तेवढे पैसे. खांद्याला छोटा कॅमेरा, मोटारसायकलच्या डिकीत कॅसेटी. माजलगावच्या धरणात पाणी किती उरलं, गेवराईत टँकर किती फिरतात, केजच्या बाजारात जनावरं कशी मातीमोल विकली जातात, याचे व्हिज्युअल काढायचे, दोन बाइट घ्यायचे, हाताने स्क्रिप्ट लिहायची आणि कॅसेटसकट पाकिटात घालून एसटी स्टँड गाठायचं. औरंगाबादच्या गाडीच्या कंडक्टरला विनंती करून ते पाकीट द्यायचं आणि पुढे फोन करून गाडीचा नंबर कळवायचा. गाडी चुकली तर बातमी शिळी. इतकं करून रात्री ती पस्तीस सेकंद लागली की गावात त्याची दवंडी पिटल्यासारखी चर्चा व्हायची. त्या पस्तीस सेकंदांनी टँकर आल्याची उदाहरणं मराठवाड्यातला कुठलाही जुना पत्रकार सांगेल. तहसीलदाराला गावकऱ्यांचा अर्ज महिनाभर दिसत नसे. कलेक्टरच्या घरच्या टीव्हीवर ते गाव दिसलं की दुसऱ्या दिवशी जीप यायची. सत्तेला ऐकू जाईल असा आवाज जिल्ह्याला पहिल्यांदा मिळाला, तो सरकारी माध्यमाने दिला नाही, एका खासगी व्यापाऱ्याने दिला. हे श्रेय ईटीव्हीचं आहे. पुढे मराठी वृत्तवाहिन्यांत गाजलेले अनेक पत्रकार याच तालमीत तयार झाले.

ईटीव्हीने करमणुकीतही ठाण मांडलं. रोहिणी हट्टंगडी यांची 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षं चालली आणि तीन हजारांहून जास्त भागांचा विक्रम करून थांबली. आमच्याकडे भारनियमनाच्या वर्षांत बारा-बारा तास वीज नसायची. रात्रीचा भाग बुडाला की दुपारी पुनःप्रक्षेपण आहे का, याची बायकांना वेळापत्रकासकट माहिती असे. लाइट कधी जाते यावर स्वयंपाक कधी करायचा ते ठरायचं आणि स्वयंपाक कधी होतो यावर मालिका ठरायची.

२००४ मध्ये 'होम मिनिस्टर' आलं. आदेश बांदेकर घरोघर जाऊन वहिनींशी गप्पा मारायचे, खेळ खेळायचे, पैठणी द्यायचे, एवढंच. पण कॅमेरा बाईच्या स्वयंपाकघरात शिरला आणि सासू-सासऱ्यांदेखत तिला नाव घेऊन 'तुम्हाला काय आवडतं?' असं विचारलं गेलं, ही त्या काळी छोट्या गावांतल्या घरांसाठी लहान गोष्ट नव्हती. २००८-०९ मध्ये 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ने सगळा महाराष्ट्र वेडा केला. ८ फेब्रुवारी २००९ च्या अंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आमच्या भागाचा जीव लातूरच्या रोहित राऊतमध्ये अडकला होता. मराठवाड्याचा पोरगा पडद्यावर आहे म्हटल्यावर लोकांनी मोबाइलचा बॅलन्स संपेपर्यंत एसएमएस केले. वाहिनीला त्या एसएमएसांनी एक गोष्ट दाखवून दिली होती: मुंबई-पुण्याबाहेर प्रेक्षक आहे, आणि तो पदरचे पैसे घालून मत देतो.

तरीही मालिका बदलल्या नाहीत. कारण वाहिनी कुणासाठी कार्यक्रम बनवते हे मोजमाप ठरवतं. निवडक घरांतल्या टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं आणि टीव्हीपुढे बसताना ते दाबायचं असतं. आजच्या पद्धतीत वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारा एक संकेत मिसळलेला असतो. यंत्र तो पकडून कुठली वाहिनी चालू आहे ते नोंदवतं. त्यातून टीआरपी निघतो आणि टीआरपीवर जाहिरातीचा दर. आता खरी गोम अशी की, टॅम या संस्थेची यंत्रं प्रदीर्घ काळ फक्त लाखावर वस्तीच्या शहरांतच होती. बीड जिल्ह्यात लाखावर वस्तीचं गाव एकच, ते म्हणजे बीड शहर. परळी नाही, अंबाजोगाई नाही, माजलगाव नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती आणि दर पाचांतली चार माणसं खेड्यात राहत होती. म्हणजे मराठी वाहिन्या भरात असलेली पंधरा-सोळा वर्षं आमच्या जिल्ह्यातले पाचांतले चार प्रेक्षक टीव्ही पाहत होते, पण हिशेबात नव्हते. ज्याचं पाहणं मोजलंच जात नाही, त्याची गोष्ट कुणी का सांगावी?

टॅमची जागा बार्क या संस्थेने घेतली आणि ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण भागाचे आकडे यायला लागले. जाहिरातदार आणि वाहिन्या चकित झाल्या. दूरदर्शनच्या फुकट छत्रीवर, म्हणजे फ्री डिशवर दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वरच्या क्रमांकावर गेल्या. यानंतर वर्ष-दीड वर्षात मराठीत काय झालं पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली, तिची राधिका नागपूरची, वऱ्हाडी बोलणारी. ऑक्टोबरात 'तुझ्यात जीव रंगला' आली, कोल्हापूरचा पैलवान राणादा घेऊन. २०१७ मध्ये साताऱ्याच्या फौजी गावाची 'लागिरं झालं जी'. मालवणी बोलीची 'रात्रीस खेळ चाले' तर त्याआधीच गाजत होती. २०१४ च्या 'जय मल्हार'ने वाट मोकळी केली होती हे खरं, पण खेडं मोजलं जाऊ लागलं आणि खेडं दिसू लागलं, हा मला योगायोग वाटत नाही.

या यादीत मराठवाडा कुठे आहे? कोल्हापूर, सातारा, कोकण, विदर्भ, सगळ्यांना वाटा मिळाला. मकरंद अनासपुरे यांनी सिनेमातून मराठवाडी बोलीचा ठसका सगळीकडे नेला, पण रोजच्या मालिकेत 'काय करूलालास?' असं विचारणारं घर, बीडच्या मातीत उभी असलेली आणि घराघरांत पोचलेली गोष्ट, मला आठवत नाही. एक कारण व्यवहारी आहे. मालिकेला रोजचा भाग रोज लागतो. कलाकार मुंबईचे, त्यांना नाटकाच्या प्रयोगाला परतायचं असतं. सातारा, भोर, वाई पाच-सहा तासांवर. बीड सुमारे चारशे किलोमीटर, आणि परवापरवापर्यंत रेल्वे नाही. दुसरं कारण मोजमापातच दडलेलं आहे. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून निघतं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततं. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटेपर्यंत सोलापूर, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाच्या फडांवर कोपीत राहायचं. या लाखो माणसांच्या घरी टीव्ही असला तरी तो जवळजवळ अर्धं वर्ष बंद. यंत्र त्यांच्या घरात बसवलंच, तरी ते काय नोंदवणार?

मालिकेने पाठ फिरवली, तरी बातमीला बीड भरपूर पुरलं. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, मागोमाग आणखी वाहिन्या आल्या आणि मराठी बातमी चोवीस तासांची झाली. स्टार माझाचंच पुढे एबीपी माझा झालं. कॅसेट जाऊन ओबी व्हॅन आली, मग पाठीवरच्या पिशवीतून थेट प्रक्षेपण करणारं यंत्र आलं. ४ जून २०१४ रोजी परळीत जिल्ह्याचे नेते गोपीनाथ मुंडे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा सगळ्या वाहिन्या तिथे थेट होत्या. पंकजा मुंडे यांनी वडिलांच्या चितेला अग्नी दिला आणि ते दृश्य लाखो घरांनी त्याच क्षणी पाहिलं. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. अशा जिल्ह्यात मुलगी चितेला अग्नी देते, हे घराघरांतल्या आज्यांनी डोळ्यांनी पाहिलं. व्याख्यानांनी जे साधलं नव्हतं, त्यातलं काही त्या दुपारी साधलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा कॅमेऱ्यांची रांग लागली. त्याच उन्हाळ्यात बीडच्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन तळ गाठलेल्या विहिरींत उतरत होत्या. त्यांनाही दोन-चार दिवस जागा मिळाली. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी फुटली. सरकारने समिती नेमली, पाहणी झाली, आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. वाहिन्यांनी चर्चा झोडल्या. मग निवडणूक आली आणि विषय मागे पडला. हा वाहिन्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे. त्या येतात, आवाज करतात, जातात. उचल, मुकादम, नसलेलं पाणी आणि नसलेलं काम ही जी साखळी बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेते, ती उलगडायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

वाहिन्यांची ताकद किती, हे ताज्या घटनेने दाखवलं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अमानुष हत्या झाली. वाहिन्यांनी तो विषय महिनोन्‌महिने सोडला नाही, आणि हे त्यांनी चांगलं केलं. ३ मार्च २०२५ च्या संध्याकाळी त्या अत्याचाराची छायाचित्रं पडद्यावर आली. दुसऱ्या दिवशी या प्रकरणावरून मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. कॅमेरा गावात आला नसता, तर हे प्रकरण तालुक्याच्या हद्दीतच मुरलं असतं, अशी भीती आमच्याकडे उघड बोलली गेली. पण त्याच महिन्यांत 'बीडचा बिहार' हा शब्द पट्टीवर अहोरात्र फिरला. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आमच्या पोरांना खोली भाड्याने घेताना गाव विचारलं की चाचरावं लागलं. पंचवीस लाखांच्या जिल्ह्यावर एका टोळीच्या पापाचा शिक्का बसला. वृत्तवाहिनी जे दाखवते ते खोटं नसतं. ती ज्या प्रमाणात दाखवते, त्याने चित्र वाकडं होतं. सातारच्या खुनाची बातमी पाहणाऱ्याच्या मनात साताऱ्याचं एक प्रेमळ गाव मालिकेने आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे तो सगळ्या जिल्ह्याला गुन्हेगार ठरवत नाही. बीडच्या बाबतीत तोल सांभाळणारं दुसरं चित्र पडद्यावर नाहीच.

या काळात मालकीही बदलली. ईटीव्हीच्या बिगर-तेलुगू वाहिन्या नेटवर्क १८ कडे गेल्या आणि मार्च २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं. हैदराबादचा कारखाना सुटला, त्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्याची बातमी ओळीने लावण्याची ती रीतही विरळ झाली. ती जागा आता यूट्यूबवाल्यांनी घेतली आहे. बीडमध्ये कुठल्याही आंदोलनात नेत्यापुढे ज्या बूमची, म्हणजे माइकची, गर्दी दिसते, त्यातले बरेचसे स्थानिक यूट्यूब वाहिन्यांचे असतात. काही जण फार धडाडीने काम करतात. पण त्यांच्यामागे संपादक नाही, वकील नाही, पगार नाही. जाहिरात द्यायला तालुक्यात कोण आहे? बिल्डर, खासगी क्लास आणि पुढारी. ज्याच्याविरुद्ध बातमी करायची, त्याच्याच वाढदिवसाच्या जाहिरातीवर महिना काढायचा. ईटीव्हीच्या स्ट्रिंजरलाही पैसे कमीच मिळायचे, पण ते हैदराबादहून यायचे, परळीहून नाही, हा फरक मोठा होता.

आता रेल्वे आली आहे, खेडी मोजली जात आहेत, आणि बीडचे लेखक, नाटकवाले, लघुपट करणारी पोरं कमी नाहीत. वाहिन्यांच्या कथाविभागांना माझं एवढंच सांगणं आहे: दसऱ्याच्या सुमारास एकदा धारूर-वडवणीकडे या. ट्रॅक्टरवर संसार चढवणाऱ्या टोळ्या पाहा, मागे राहिलेल्या आज्यांबरोबर आणि नातवंडांबरोबर आठ दिवस राहा, इथल्या पोरांना लिहायला बसवा आणि त्यांनी लिहिलेली बोली मुंबईत नेऊन 'शुद्ध' करू नका. आणि जिल्ह्यातल्या वाचकांना विनंती: आपल्या तालुक्यातला जो पत्रकार प्रामाणिकपणे बातमी करतो, त्याच्या वाहिनीला वर्षाकाठी चार पैसे स्वतःहून द्या, म्हणजे त्याला ते पुढाऱ्याकडे मागावे लागणार नाहीत.